विक्रीचा सराव आणि नफ्याची ओळख

व्यापार रक्तातच असावा लागतो, असा एक समज मराठी कुटुंबांत फार जुना आहे. नोकरी न मिळालेल्या मुलाने वा मुलीने घरी तयार केलेला एखादा जिन्नस बाजारात मांडावयाचे ठरविले, की "आपल्या घराण्यात हे कोणी केलेले नाही" हे वाक्य बहुधा पहिल्याच दिवशी कानी पडते. पेटी शिकावयाची तर रोज तासभर हात बसवावा लागतो, सायकल शिकावयाची तर दोन-चार वेळा गुडघे फुटतात, ही गोष्ट सर्वांना मान्य असते. विक्री मात्र एक तर जमते, नाही तर जमत नाही, असे धरून चालण्यात येते. या समजुतीमुळे किती तरी होतकरू तरुण पहिल्या आठ दिवसांतच पाटी उचलून घरी परततात.

प्रस्तुत पाठात विक्रीचा विचार सरावाने येणारी विद्या म्हणून केला आहे. सराव याचा अर्थ तेच ते काम पुनःपुन्हा करणे एवढाच घेतल्यास मात्र फसगत होईल. वीस वर्षे त्याच जागी बसून तोट्यात विकणारे विक्रेतेही प्रत्येक बाजारात आढळतात. सरावात काय नोंदवावे आणि त्या नोंदीवरून काय बदलावे, हे ज्यास कळले त्याच्या गल्ल्यात पैसा येतो आणि, विशेष म्हणजे, राहतोही.

बेळगावचे दुकान

बेळगावात आज ज्यास किर्लोस्कर रोड म्हणतात, त्या रस्त्यावर लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधू रामूअण्णा यांचे सायकलींचे दुकान होते. किर्लोस्कर उद्योगसमूह आपल्या आरंभाचे वर्ष १८८८ असे मानतो. लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत असे आढळून आल्यावर ते यांत्रिक आरेखनाकडे वळले व पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. दुकानदारीचे शिक्षण यात कोठेच नव्हते. मुंबईत सायकली खरेदी करावयाच्या आणि बेळगावी रामूअण्णांकडे पाठवावयाच्या, असा या व्यवहाराचा आरंभीचा क्रम होता.

त्या काळी सायकल ही बहुतेकांनी प्रथमच पाहिलेली वस्तू होती. ती घेण्याची ऐपत असलेल्या मनुष्यासही ती चालविता येत नसे, आणि चालविता न येणारी वस्तू कोणी घेत नाही. दुकानात फी घेऊन सायकल शिकविण्याची सोय ठेवण्यात आली. हा तपशील लहान असला तरी अभ्यासकाने त्यापाशी थोडे थांबावे. "मला चालविता येत नाही" हा गिऱ्हाइकाचा नकार होता. विक्रेत्याने तो नकार म्हणून ऐकला असता, तर सौदा तेथेच संपला असता. तो अडचण म्हणून ऐकला गेल्यामुळे एका वस्तूची विक्री झाली आणि शिकविण्याचे उत्पन्न निराळे मिळाले.

येथपर्यंतची हकीकत वाचून कोणी म्हणेल, की असे लोक जन्मजातच विक्रेते असतात. या म्हणण्यास उत्तर पुढच्याच प्रकरणात मिळते. बढतीत डावलले गेल्यामुळे मुंबईची नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावास परतले व शेतीच्या उपयोगाची अवजारे तयार करू लागले. कडबा कापण्याच्या यंत्रानंतर १९०३ साली लोखंडी नांगर तयार झाला. सायकलीसारखी चैनीची वस्तू विकून दाखविणाऱ्या या दुकानास शेतकऱ्याच्या नित्य गरजेचा नांगर विकणे सोपे जावयास हवे होते. प्रत्यक्षात पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर चालविलेल्या मनुष्यास आपली जमीन पणाला लावण्याची घाई नसते, आणि त्यात त्याचे काही चुकते असेही म्हणता येत नाही. सायकल नादुरुस्त निघाली तर धनिकाचे पैसे जातात. जमीन बिघडली तर कुटुंबाचे वर्ष जाते.

दोन वर्षे हा काळ कागदावर लहान दिसतो. तयार मालात भांडवल अडकलेले असताना, रोज सकाळी दुकान उघडून तोच नकार ऐकणे ही निराळीच गोष्ट होय. सायकलीच्या विक्रीत कमावलेले कौशल्य नांगरास जसेच्या तसे लागू पडले नाही, हे येथे महत्त्वाचे आहे. माल बदलला, गिऱ्हाईक बदलले, भीती बदलली. म्हणून शिकणेही पहिल्यापासून करावे लागले. उपजत देणगी हेच विक्रीचे खरे कारण असते, तर ती देणगी एकाच मनुष्याच्या ठायी एका मालापुरती जागी आणि दुसऱ्या मालापुरती निजलेली राहिली नसती.

पुढील हकीकत सर्वपरिचित आहे. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानच्या अधिपतींच्या साहाय्याने १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केले, ते आरंभी कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठीच होय. नांगर एकदा विकला की संबंध संपला, असे त्यांनी मानले नाही.

ऐंशी रुपयांचे भांडवल

कारखानदाराचे उदाहरण पाहून काही वाचकांस वाटेल, की ही मोठ्या माणसांची कथा आहे. म्हणून दुसरे उदाहरण अगदी लहान भांडवलाचे घेतले आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी पापड लाटावयास आरंभ केला. समाजकार्यकर्ते छगनलाल पारेख यांच्याकडून घेतलेले ८० रुपये हे त्यांचे भांडवल. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली व ती भुलेश्वर येथील एका ओळखीच्या व्यापाऱ्यास विकण्यात आली. याच उपक्रमाचे पुढे श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड या संस्थेत रूपांतर झाले. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती.

आजचा विस्तार पाहता या आकड्याचे हसू येईल. परंतु शिकण्यासारखे आहे ते त्या पहिल्या वर्षातच. आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत. त्यांतील एक प्रत स्वस्तात विकण्यासाठी हलकी असे. एकच उत्तम प्रत ठेवावी, तीत तडजोड करू नये आणि धंदा धंद्यासारखा चालवून हिशेब चोख ठेवावा, असा सल्ला पारेख यांनी दिला व तो पाळण्यात आला. लाटताना मोडलेले पापड शेजाऱ्यांना वाटून टाकीत. मोडका माल पाकिटात दडपून वजन भरण्याचा मोह लहान विक्रेत्यास नेहमीच होतो, हे लक्षात घेतले म्हणजे या साध्या रीतीचे मोल कळते.

पहिल्या पावसाळ्यात मात्र काम चार महिने बंद ठेवावे लागले, कारण पापड वाळत नव्हते. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरावयाचे आणि खाली स्टोव्ह पेटवावयाचा. उत्पादन पावसातही चालू राहिले. विक्रीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की दुकानदारास वर्षातील चार महिने "माल नाही" असे सांगण्याची पाळी टळली. ज्या घरचा माल वर्षातून चार महिने मिळत नाही, त्याची जागा फळीवर दुसरा कोणी घेतो आणि पाऊस संपल्यावर ती सहज परत देत नाही.

म्हापशाची एक पाटी

वरील दोन्ही उदाहरणांतून काय उचलावे, ते प्रत्यक्ष आकड्यांत पाहिल्याशिवाय पक्के होणार नाही. त्यासाठी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातील एक कल्पित प्रसंग घेतला आहे. भाव आणि आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले घालावेत.

मे महिना हा गोव्यात पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा. मिरच्या, आमसुले, चिंच, कांदे, सुकी मासळी यांची खरेदी या दिवसांत घरोघर चाललेली असते. समजा, डिचोली तालुक्यातील एका मुलीने गावातून १० किलो आमसुले ३२० रुपये किलो दराने घेतली. यासाठी लागणारे ३,२०० रुपये पावसापूर्वी घराची कौले चाळून घेण्याकरिता तिच्या आईने बाजूला ठेवलेले आहेत. ते पाऊस पडण्याच्या आत परत यावयास हवेत. अन्यथा घर गळणार. एप्रिलच्या अखेरच्या शुक्रवारापासून ती बाजारात बसू लागते. १०० ग्रॅमच्या पुड्या करून प्रत्येकीस ४५ रुपये भाव ठेवते.

तिचा तोंडी हिशेब असा: १०० ग्रॅम आमसुले ३२ रुपयांस पडली, ४५ ला विकली, पुडीमागे १३ रुपये सुटले, शंभर पुड्यांचे १,३०० रुपये. असा हिशेब केवळ नवशिके करतात असे नाही, पुष्कळ जुने विक्रेतेही आयुष्यभर हाच करीत आले आहेत.

आता वहीतला हिशेब पाहावा. निवडताना निघालेली घाण आणि वाळताना आलेली तूट मिळून ४ टक्के माल गेला; पुड्या भरल्या ९६. पिशवी व चिठ्ठी यांस पुडीमागे २ रुपये, म्हणजे १९२ रुपये. बसचे भाडे, सामानाचे भाडे आणि बाजारातील जागेचा सोपो मिळून एका शुक्रवारचे १२० रुपये, चार शुक्रवारचे ४८०. एकूण खर्च ३,८७२ रुपये. सर्व ९६ पुड्या विकल्या गेल्या तर ४,३२० रुपये येतील व ४४८ रुपये उरतील. चार दिवसांच्या बसण्याचे हे मोल. दिवसास ११२ रुपये.

याहून बोलका आकडा पुढे आहे. ८६ पुड्या विकल्या जाईपर्यंत ३,८७० रुपयेच हाती येतात. खर्च भरून निघण्यास अद्याप दोन रुपये कमी पडतात. नफ्याचा आरंभ ८७ व्या पुडीपासून होतो. पहिल्या ८६ पुड्या विकताना डब्यात जमलेल्या नोटा पाहून होणारा आनंद खरा असला, तरी त्या नोटा तिच्या नव्हेत. त्या कौलांच्या, बसच्या आणि पिशवीवाल्याच्या आहेत.

पहिल्या शुक्रवारी २० पुड्या गेल्या. त्याच वेगाने चार शुक्रवारांत ८० जातील. म्हणजे ३,६०० रुपये जमा, २७२ रुपये तूट आणि घरी १६ पुड्या शिल्लक.

येथे दोन वाटा फुटतात. पहिली वाट बहुतेकांची असते: भाव उतरविणे. गिऱ्हाईक घासाघीस करते, शेजारची बाई ४० ला देते, म्हणून आपणही ४० ला द्यावे. ४५ रुपयांत ५ रुपये म्हणजे काय मोठे, असे वाटते. परंतु ९६ पुड्या ४० रुपयांस विकल्यास ३,८४० रुपये येतात. सर्व माल संपूनही ३२ रुपये तोटा होतो. पाटी रिकामी झाल्याच्या समाधानात तो ध्यानातही येत नाही. उधारीचेही तसेच आहे. सर्व माल विकला गेला तर पुडीमागे पावणेपाच रुपयांच्या आत नफा पडतो. एका ओळखीच्या बाईने नेलेल्या एकाच पुडीचे ४५ रुपये बुडाले, तर जवळजवळ दहा पुड्यांवरील नफा त्यात जातो. उधारी देऊ नये असे कोणी सांगितले की ते कठोर वाटते. दहा पुड्यांचा हिशेब मनाशी केला की तेवढे कठोर वाटत नाही. बोहणीच्या वेळी पहिल्या गिऱ्हाइकास परत पाठवू नये म्हणून पडेल भावाने माल देण्याची रीत बाजारात आहे. ती गोड रीत आहे, पाळावयास हरकत नाही; मात्र त्या दिवसाची बोहणी किती रुपयांस पडली, ते संध्याकाळी वहीत लिहावे.

वहीची दुसरी बाजू

दुसरी वाट सरावाची. जमाखर्च लिहिणारे विक्रेते थोडे, आणि वहीच्या दुसऱ्या बाजूस गिऱ्हाइकाचे बोलणे लिहिणारे त्याहूनही थोडे. या मुलीने पहिल्या शुक्रवारी एवढेच केले असे समजू या: थांबलेली गिऱ्हाइके ५२, भाव विचारणारी ३४, घेणारी १७. जी न घेता गेली, त्यांचे शेवटचे वाक्य तिने तसेच्या तसे टिपले. "मीठ फार दिसते" असे तीनदा, "ओलसर वाटतात" असे चारदा आणि "एवढीशी पुडी पावसाळ्याला कशी पुरणार?" असे नऊ वेळा ऐकू आले.

महाग आहे, ही तक्रार त्या नऊ जणींनी केली नव्हती. त्या बेगमी करण्यास आल्या होत्या आणि त्यांच्यापुढे आठवड्याची पुडी ठेवली गेली होती. या नऊ नकारांस ५ रुपये कमी करणे हे उत्तरच नव्हे. सायकल चालविता न येणाऱ्यास किंमत कमी करून सायकल विकता आली नसती, तद्वतच हे होय.

पहिले चार शुक्रवार असे गेले. मेच्या अखेरच्या दोन शुक्रवारांसाठी तिने पुन्हा १० किलो आमसुले त्याच भावाने घेतली, आणि ती २५० ग्रॅमच्या पुड्यांत भरली. तूट ४ टक्केच धरल्यास ९ किलो ६०० ग्रॅम मालातून ३८ पुड्या होतात व १०० ग्रॅम आमसुले चव दाखविण्यास उरतात. मोठ्या पिशवीस ३ रुपये, म्हणजे ११४ रुपये. दोन शुक्रवारांचा प्रवास व सोपो २४० रुपये. एकूण खर्च ३,५५४ रुपये. पुडीचा भाव ११० ठेवला. ३८ पुड्यांचे ४,१८० रुपये आले. ६२६ रुपये उरले, तेही दोन दिवसांत; दिवसास ३१३ रुपये.

गिऱ्हाइकाचाही यात तोटा झाला नाही. पूर्वी त्यास किलोमागे ४५० रुपये पडत, आता ४४०. पूर्वी एका शुक्रवारी १७ जणींनी २० पुड्या, म्हणजे दोन किलो माल नेला होता. आता १९ पुड्यांत पावणेपाच किलो गेला. फार अधिक लोकांची मनधरणी करावी लागली नाही, आवाज चढवावा लागला नाही. आलेल्या मनुष्याची गरज ऐकून घेतली गेली, इतकेच. पहिल्या खेपेच्या शिल्लक १६ पुड्याही मोठ्या पुड्यांशेजारी ठेवल्यावर नमुन्यादाखल घेणाऱ्यांनी नेल्या, असे धरले तर आधीची तूट भरून निघते आणि कौलांचे पैसे वेळेवर परत जातात. त्या न खपल्यास दुसऱ्या खेपेच्या नफ्यातून २७२ रुपये वजा पडतील, हेही लिहून ठेवावे लागेल.

जून उजाडल्यावर हीच मोठी पुडी पुन्हा खपेल असे समजू नये. बेगमी संपली की बाजारात येणारे गिऱ्हाईक निराळे असते. वही तेव्हा पुन्हा उघडावी लागते.

घरातील तालीम

बाजारात जाण्यापूर्वी काही सराव घरी करता येतो व तो अवश्य करावा. घरातील एका व्यक्तीने गिऱ्हाईक व्हावे आणि शक्य तितके अडचणीचे गिऱ्हाईक व्हावे. आई या कामास उत्तम. आयुष्यभर तिने दुसऱ्या बाजूने हाच व्यवहार केलेला असतो. "बाय, कशी दिलीस?" असे तिने विचारावे. मुलीने भाव सांगावा आणि गप्प राहावे. हे गप्प राहणेच सर्वांत अवघड आहे, असे करून पाहणाऱ्यांच्या ध्यानात येईल. नवशिका विक्रेता भाव सांगतो आणि त्याच श्वासात "पण तुम्हांला कमी करीन" असे म्हणतो. गिऱ्हाइकाने कमी करावयास सांगितलेलेच नसते. भाव सांगून झाल्यावर "आजी, आधी चाखून बघा" एवढेच म्हणून नमुना पुढे करावा आणि थांबावे. चव घेणारी व्यक्ती जे बोलेल ते वहीच्या दुसऱ्या बाजूचे असते.

पैसे मोजणे, सुटे परत देणे आणि तराजू धरणे यांचाही सराव लागतो. घाईच्या वेळी पाचशेच्या नोटेचे सुटे देताना झालेली एक चूक दिवसभराची कमाई नेते. आता भ्रमणध्वनीवरून थेट खात्यात पैसे घेण्याची सोय खेड्यातील पाटीपर्यंत पोचली आहे. ती चांगलीच, परंतु खात्यात जमा झालेली रक्कम आणि डब्यातील रोकड यांची बेरीज रोज संध्याकाळी विकलेल्या मालाशी जुळवून पाहावी. गिऱ्हाइकाने आपल्या पडद्यावर दाखविलेली जमेची खूण पाहून माल देऊ नये, आपल्या खात्यात रक्कम आल्याची खातरी करावी.

घरखर्चाचा डबा आणि धंद्याचा डबा निराळा असावा, हा नियम सर्व पुस्तकांत असतो व बहुतेक घरांत मोडला जातो. भाजी आणावयास धंद्याच्या डब्यातून पन्नास रुपये घेतले, तर त्यात पाप नाही. ते वहीत लिहिले नाहीत, तर मात्र महिनाअखेर विक्री वाईट होती की भाजी महाग होती, हे कोणासच सांगता येत नाही.

काही आवश्यक सूचना

बांधीव पुडीवर निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, बांधणी करणाराचे नाव व पत्ता, महिना व वर्ष यांसारखी माहिती देणे वैध मापनशास्त्र अधिनियम २००९ व त्याखालील नियमांन्वये आवश्यक आहे. तराजू व वजने पडताळणी होऊन शिक्का मारलेली असावीत. खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहान व्यावसायिकासही अन्नसुरक्षा व मानके अधिनियम २००६ अनुसार नोंदणी करावी लागते. रस्त्यावर बसून विक्री करणाऱ्यांच्या हक्कांसाठी २०१४ चा पथविक्रेता अधिनियम आहे. नगरपालिकेच्या कार्यालयात त्यासंबंधी चौकशी करावी. केवळ शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

विक्री शिकवून पैसा मिळवून देतो, असे सांगणारे काही लोक गावोगाव फिरतात. प्रथम आपल्याकडून प्रवेशाची रक्कम घ्यावयाची, मग आपण आणखी चार माणसे आणावयाची व त्यांच्या रकमेतून आपल्याला वाटा मिळावयाचा, असे त्यांचे स्वरूप असते. मध्ये एखादी भुकटीची बाटली वा साबणाची वडी असते. परंतु ती कोणी गिऱ्हाईक आपखुशीने घेत नाही. अशा पैसे फिरविण्याच्या योजनांस १९७८ च्या अधिनियमाने बंदी आहे, आणि थेट विक्रीसंबंधीच्या २०२१ च्या नियमांनीही माणसांची अशी उतरंड रचण्यास मनाई केलेली आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे. माल वापरणारा मनुष्य पैसे देत असेल तर ती विक्री. नव्याने येणारा विक्रेताच पैसे देत असेल, तर तेथे विकला जाणारा माल तो स्वतःच होय. नात्यागोत्यातील माणसांस एकदा अशा योजनेत ओढले, की त्या घरी पुन्हा प्रामाणिक माल घेऊन जाणेही कठीण होते.

अभ्यासासाठी

पाठातील मुलीच्या वहीत "ओलसर वाटतात" हा शेरा चारदा आला होता, आणि त्याकडे तिने अद्याप लक्ष दिलेले नाही. आमसुलांना आणखी दोन दिवस ऊन दिल्यास तूट ४ ऐवजी ६ टक्के येईल असे धरावे. १० किलोतून २५० ग्रॅमच्या किती पुड्या भरतील, व दोन शुक्रवारांत ६२६ रुपयेच उरावयाचे असतील तर पुडीचा भाव किती ठेवावा लागेल, ते काढावे. तो भाव गिऱ्हाइकास मोठ्याने सांगून पाहावा व गप्प राहावे. ज्यांचा स्वतःचा जिन्नस निराळा आहे, त्यांनी येत्या बाजारच्या दिवशी न घेता गेलेल्या पहिल्या दहा गिऱ्हाइकांची शेवटची वाक्ये लिहून आणावीत. पुढील पाठाच्या वेळी त्यांवरून हिशेब मांडण्यात येईल.